होल्डवर ठेवलेला समुद्र

देतो ना भाऊ, डबा कुठं पळून चाललाय? आधी बसा तर. कोंडीरामभाऊ, तुम्ही गाडीवाले, तुमची घाई मला समजते, पण दत्तोबानं सांगितलं ‘अण्णासाहेबांकडून बर्फाचा डबा घेऊन ये’ आणि तुम्ही सांगवीत येऊन दारात उभे, असं नसतं. डब्यावर काय चिकटवलंय बघा. लाल टॅग. होल्ड. चाकणला एकवीस वर्षं क्वालिटीत आहे मी — माल चांगला का वाईट ते नंतर, आधी शंका आली की टॅग लावायचा, आणि ज्यानं लावला त्यानंच काढायचा. प्लँट हेडनंसुद्धा हात लावायचा नाही. मग दत्तोबा तर असेंब्लीतला माणूस — त्याला हे माहीत नाही का? चांगलं माहीत आहे. तरी मी होल्ड केलेली ट्रिप त्यानं ठरवली — शनिवारी पहाटे पाच, श्रीवर्धन, मासे धरायला — आणि मला हे तुमच्या तोंडून कळतंय.

हा मोबाइल बघा. तीन ॲप. एक म्हणतं वारा बारा नॉट, दुसरं म्हणतं अठरा, तिसरं नुसतं ढगाचं चित्र दाखवतं, त्याच्या मनात काय आहे ते त्यालाच ठाऊक. आणि बातम्यांत म्हणे अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र होण्याची शक्यता. शक्यता! झालं तर गुजरातकडं जाईल, नाहीतर ओमानकडं, नाहीतर तिथल्या तिथं जिरेल. असल्या मालाला मी पास म्हणू? मी शीट केलंय — वारा, लाट, भरती, पाऊस, एक जरी रकाना लाल झाला तरी ट्रिप होल्ड. चार वर्षांत नऊ वेळा केली. नऊ वेळा तुमची गाडी सांगितली आणि नऊ वेळा शुक्रवारी संध्याकाळी मी फोन करून — हो, शिव्या घातल्या असतील, घाला, तुमचा हक्क आहे. पण माणसं जिवंत राहिली का नाही? घरात बसून राहिली, पण राहिली.

काय? समुद्र खरंच खराब होता का?

आता विचारलंच आहे तर सांगतो, तुमच्याजवळच ठेवा. मी दर वेळी रविवारी सकाळी बोटवाल्याला फोन करतो — चिमाजी, श्रीवर्धनचा. ‘काल बोट गेली होती का?’ गेली होती. ‘वारा?’ कुठला वारा साहेब, पाणी तेलासारखं. नऊ वेळा विचारलं, सात वेळा तेल. आणि सोमवारी कंपनीच्या बसमध्ये मी दत्तोबाला काय सांगतो? ‘वाचलो राव, फार वारा होता.’ तो म्हणतो, ‘बरं झालं अण्णा, तू होतास.’ आणि खिडकीबाहेर बघत बसतो. वाईट वाटतं मला. लाज वाटते. पण सोमवारी खरं बोललो तर मंगळवारी त्याच बसमध्ये बसायचं कसं?

पोहता येत नाही मला. नदीकाठी राहतो, पण नाही येत. एकदाच गेलो होतो, पहिल्या ट्रिपला. किनारा दिसेनासा झाला — म्हणजे दिसत होता, बारीक झाला होता — आणि मी दत्तोबाची मांडी धरली. मांडी! पन्नाशीचा माणूस. निरंजन आणि संघर्ष, आमच्याच लाइनवरचे दोघं, पुढं तोंड करून गळ टाकत होते, त्यांना काही कळलं नाही. दत्तोबानं आपला गळ खाली ठेवला आणि दोन तास तसाच बसला. लातूरकडचा माणूस, जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होता, एक मासा धरला नाही त्यानं. वर कुणाला बोलला नाही. माझ्या बायकोला, कस्तुरालासुद्धा नाही. बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

आणि आता तीस तारखेला रिटायर. सामान बांधलंय, कायमचा गावाला चाललाय. म्हणजे हाच शनिवार. मला कळत नाही असं वाटतं का तुम्हाला? कळतं. पण अठरा नॉट हो! ते काय मी मनानं लिहिलंय?

काय? कोण फोन करतो? दत्तोबा? चिमाजीला?

दर रविवारी?

म्हणजे त्याला — नऊही वेळा — आणि सोमवारी बसमध्ये ‘बरं झालं अण्णा’ —

नाही, मला काही झालेलं नाही. पाणी तुम्हीच प्या. पुढं बोला. गाडीत काय काय घ्यायला सांगितलंय त्यानं? चारा, बर्फ, डबा. गळ तीन. तीन कसे? निरंजन, संघर्ष, दत्तोबा — बरोबर, मला धरलेलंच नाही. धरलंय? मग चार पाहिजेत. चौघं आहोत ना आम्ही. तीनच म्हणाला? स्वतःचा नको म्हणाला?

मग बोटीत बसून तो करणार काय —

उठा. उठा कोंडीरामभाऊ, उशीर होतोय तुम्हाला. थांबा, हा टॅग काढतो. डबा तळाशी तडकलाय, दोन्ही हातांनी धरा. आणि त्याला सांगा, तुझा गळ घे म्हणावं. बोटीला कडेनं लाकूड असतं, धरायला येतं. एवढंच सांगा. दुसरं काही सांगू नका. जा आता.