चार खेपांचं सामान

विश्वास कोणावर ठेवायचा सुभाषराव, बोल्टवर की वेल्डिंगवर? — सांगा, सांगा, चुकलात तर हसणार नाही. — वेल्डिंगवर? वाटलंच मला. बँकेतली माणसं वेल्डिंगवरच जातात, दिसायला अखंड दिसतं ना. अहो, वेल्डिंग आतून कधी सुटलं ते त्यालाच माहीत, वरून रंग मारला की झालं. सुटतं तेव्हा एकदम सुटतं. बोल्ट तसा नाही. आधी करकरतो, गंज सोडतो, हाताला हलतो — सांगून सुटतो बिचारा. म्हणून हा टोइंगचा हुक मी बोल्टवर बसवतोय, चार बोल्ट, थेट चेसिसला — हां हां, पाना सोडू नका! डिकीत ते बोल्टचं डोकं दिसतंय ना, ते घट्ट धरायचं, बस, एवढंच काम तुमचं. मी खालून नट आवळतोय. तुम्ही सोडलंत की आख्खा बोल्ट माझ्याबरोबर गरगर फिरतो. एकट्याचं काम नाहीच हो हे. काल तासभर बघितलं करून — पाना डिकीत अडकवला, वर वीट ठेवली, विटेवर पाट्याचा वरवंटा ठेवला — नाही जमलं. मग आज जिन्यापाशी उभा राहिलो, म्हटलं जो पहिला उतरेल तो आपला. तुम्ही उतरलात, पिशवी घेऊन. दूध कुठे पळत नाही. आणि गाडी स्टँडवर आहे, माझ्या अंगावर नाही पडत, तोंड असं करू नका. मी बघा कसा ऐटीत पडलोय, खाली कुणा दादाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स, बरोबर त्याच्या मिशीवर माझी पाठ.

हा झाला एक. आता समोरासमोरचा घ्यायचा, शेजारचा नाही — तिरका, खाटेची नवार ताणतात तसा. तुम्ही गिरगावातून आलात ना? सहा महिने झाले? मग तुम्हाला माझं दुकान माहीत नसणार. स्टेशनपासून पाच मिनिटं, नटबोल्ट, साखळ्या, बिजागऱ्या, एकतीस वर्षं. अख्खं भाईंदर मला हरिशेट म्हणायचं. नाव हरिश्चंद्र, आणि धंदा व्यापाऱ्याचा — गिऱ्हाइकं हसायची. शाळा सातवीपर्यंत, पण बोल्टच्या डोक्यावर हात फिरवून माल सांगतो. तुमच्या बोटाखाली बघा, आकडा आहे? आठ पॉइंट आठ, म्हणजे मजबूत. ज्या डोक्यावर आकडा नाही तो बोल्ट देवाच्या तसबिरीला वापरावा. तुमच्या वरच्या नीलिमाबाई आहेत ना, त्या झोपाळ्याला बोल्ट न्यायला आल्या, म्हणाल्या शेट स्वस्तातले द्या, कुठे रोज बसणारे आम्ही. म्हटलं बाई, स्वस्तातले देतो, पण मग झोपाळा जमिनीवर ठेवा. रागावून गेल्या. तिसऱ्या पायरीवरून परत आल्या. परत येतातच. म्हणजे — यायचे. गिऱ्हाईक.

धरा. धरलंत? घट्ट. — ट्रेलर ना, तो बघा, भिंतीला टेकवून ठेवलाय तो निळा. मुर्धा गावच्या विठूचा. होडी काठावरून घरापर्यंत ओढायचा त्यावर. आता होडी विकली त्यानं. गेलो तर अंगणात गाडा पडलेला, वर कोंबड्या बसलेल्या. म्हणतो, "हरिशेट, होडी न्हाय तं गाडा काय डोक्यावर ठेवू? न्या तुमी. पन कोंबड्यांना इचारा." पासिंग वगैरे रीतसर करून घेतलंय हो, सोसायटीला सांगा. चार चकरा मारल्या आरटीओ ऑफिसात. मला कुठे दुसरं काम होतं?

काय म्हणालात? — टेम्पो? आलंच तुमच्या तोंडून. आज तिसरे तुम्ही. गुहागरला सामान न्यायचं तर टेम्पो का नाही केला. सोपं आहे, टेम्पोवाले आपटतात. कप्पे निखळतात. शिवणयंत्राचं चाक वाकवतील, आणि ते माहेराहून आलेलं यंत्र आहे. शिवाय भाडं — बरं, नका असे बघू. तुम्ही बँकेतले, मनात बेरीज केलीत ना? हुक, गाडा, पासिंग, तेल, टोल. तीन टेम्पो झाले असते, कबूल. एकतीस वर्षांत एवढा वाईट सौदा केला नाही मी. पण टेम्पोत काय होतं सुभाषराव — सगळं एका खेपेत जातं. सकाळी भरलं, संध्याकाळी उतरवलं, तिकडून चहा घेऊन माणूस परत. आणि ह्या गाड्यावर मावतं किती? कपाट चढलं की यंत्राला जागा नाही, यंत्र चढलं की भांड्यांची पिंपं राहिली. चार खेपा होतात. मी मापं घेऊन बघितलंय, टेपनं. चार. नऊ तास जायला, वरसाव्याच्या पुलापासूनच ट्रॅफिक, त्या दिवशी कोणी मला परत फिर म्हणू शकत नाही, ह्या वयात. म्हणजे रात्रीचं जेवण तिथे. सकाळचा चहा तिथे. चार वेळा. सगळं एकदम पोचलं, मग माझं तिथे काय काम?

नट पडला. — थांबा, पाय हलवू नका, तुमच्या चपलेपाशी — हां, द्या. थँक यू. वॉशरपण द्या.

सुगंधा माझी बायको. वाटलं ना तुम्हाला मी विधुर आहे? सोसायटीत अर्ध्यांना वाटतं. नऊ महिने झाले तिला जाऊन, म्हणजे गावी जाऊन. भांडण नाही, काही नाही. दुकान बंद केलं की गुहागरला राहायला जायचं, हे लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून ठरलेलं. दुकान विकलं. मग मी म्हटलं दिवाळी होऊ दे. मग म्हटलं उधाऱ्या वसूल होऊ देत. खरं सांगू? मला तिथे कोण ओळखतं? इथे रिक्षावाला हाक मारतो. तर एका सोमवारी ती म्हणाली, उद्याच्या एसटीचं तिकीट काढतेय — एक काढू की दोन? साधा प्रश्न. आणि मी काय बोललो? "बघू."

आमच्या शेजारी रंगांचं दुकान होतं गुणवंतभाईचं. पहिल्याच वर्षी त्यानं मला शिकवलं, हरिभाई, जो पहले बोला वो गया. गिऱ्हाईक पायऱ्या उतरू दे, हाक मारायची नाही, खाली मान घालून खिळे मोजत बसायचं. तिसऱ्या पायरीवर वळतंच. मी एकतीस वर्षं खिळे मोजले, आणि दहातले आठ वळले. तर त्या मंगळवारी ती बॅग घेऊन जिना उतरली. हाच जिना. आणि मी वर, पेपर धरून बसलो. कान पायऱ्यांकडे. एक. दोन. तीन. मी मनात म्हटलं, आता. — सुभाषराव, आपल्या जिन्याला बेचाळीस पायऱ्या आहेत.

गुणवंतभाईनं हे नव्हतं सांगितलं की घरात दुकान मांडायचं नाही. त्याची तरी काय चूक, त्याला वाटलं असेल एवढं कळतं माणसाला.

पुढचा धरा, शेवटचा. हात दुखला? दुसऱ्या हातानं धरा. — मग तिचा फोन आला, तब्बल दोन महिन्यांनी. "माझं सामान पाठवून द्या." पाठवून द्या, लक्षात घ्या. घेऊन या नाही म्हणाली. म्हटलं पाठवतो. आणि नाही पाठवलं. पुढच्या आठवड्यात विचारलंन, म्हटलं टेम्पोवाला आला नाही. परत विचारलंन, म्हटलं टेम्पोवाल्याच्या घरी कोणी गेलं. अहो, टेम्पोवालाच नव्हता! नसलेल्या माणसाच्या घरी मी सुतक पाडलं. कारण सामान आहे तोवर फोन येतो. सामानासाठी का होईना, पण दर सातव्या दिवशी येतो, कशात काय ठेवलंय ते सांगते, मी शोधतो, तेवढ्यात खोकला कसा आहे विचारते. पण परवा म्हणाली, तुम्हाला त्रास नको, येत्या रविवारी माझा भाचा सार्थक मोठी गाडी घेऊन येतोय, सगळं एकदम नेईल. सगळं. एकदम. माझ्या तोंडातून निघून गेलं, नको, मीच आणतोय, बुधवारी निघतो, गाडीला ट्रेलर लावलाय. लावला कुठे होता? गाडा तेवढा आणून ठेवलेला, हुकच आणला नव्हता. ती म्हणाली, "बघू."

म्हणून आजच बसायला हवा हा. समजलं ना? बुधवारी मी पोचलो नाही तर रविवारी सार्थक.

बसला. हलवा बघू, दोन्ही हातांनी, लाजू नका. — हलला नाही ना? बाहेर येतो, जरा हात द्या. आई गं. — तुम्ही पुसा हात, हे घ्या फडकं.

आणि एक काम. दूध बाजूला ठेवा दोन मिनिटं. हा कागद. तिनं हातानं यादी लिहिली, फोनवर फोटो पाठवलान, मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. चौदा वस्तू आहेत. अक्षर बघा, रेशनच्या यादीसारखं, आकडे टाकून. अकरावी वाचा. — अडकित्ता. बरोबर वाचलंत. आता मला सांगा, सुगंधा सुपारी खात नाही. आयुष्यात कधी खाल्ली नाही, मी खातो म्हणून बोलायची. मग तिला अडकित्ता कशाला? चुकून लिहिला असेल? ती चुकून मीठसुद्धा जास्त घालत नाही. — तुम्हाला काय वाटतं? — नको, नका सांगू. तुम्ही काहीतरी चांगलं सांगाल आणि मी ते धरून बसेन.

यादी तुमच्याकडे राहू दे. प्रत्येक खेपेला मी गाडा भरला की तुम्ही खाली या, जे खरंच चढलं त्याच्यावरच टिक करा. कारण मी मला ओळखतो — एखादा डबा मुद्दाम माळ्यावर विसरेन, पाचवी खेप काढेन. आणि तुमचा नंबर मी तिला देतोय. विचारलंन किती गेलं, किती राहिलं, तर जे असेल ते सांगा. मी शेजारी उभा राहून खुणा केल्या तरी. गोड बोललो तरी. हिशेब सरळ ठेवा सुभाषराव, तिनं माझ्याकडून बरेच वाकडे ऐकलेत. — जा आता. दूध तापवा. जा म्हटलं ना.