आतली कडी

—निघाली? एवढ्यात? मी चहा टाकून येईपर्यंत कडी हातात! घ्या, गरम आहे. नाही नाही, नवी नको बसवायला. नकोच. न्हाणीघराला आतून कडी हवी कशाला — घरात आहोत कोण, मी आणि हे, दोघं म्हातारे, लाजायचं कोणाला? चांगली होती म्हणता? असेल. गंजली होती असं समजा ना. फक्त हळू बोला, हे आत झोपलेत. दुपारची एवढीच काय ती शांतता.

काल सकाळी — आता सांगतेच, तुम्ही कुठे कोणाला सांगायला जाताय — आत जाऊन कडी लावली आणि बाहेर येईनात. मी ओरडतेय, अहो, कडी सरकवा, बाजूला सरकवा! तर आतून म्हणतात, "बाई, दार बाहेरून लावलंय कोणी तरी." बाई! एवढा संसार केला आणि मी बाई! बरं, कडी यांनीच बसवलेली, स्वतःच्या हातांनी. शेवटी शेजारच्या मास्तरांनी फटीतून लोखंडी पट्टी घालून ती सरकवली. मुलांच्या हातावर मारायची पट्टी, शेवटी कामी आली म्हणायची. जन्मभर लोकांच्या घरी जाऊन वायरिंग केली हो या माणसानं. अख्ख्या गल्लीचे दिवे यांनी लावले आणि आमच्या स्वयंपाकघरातला बल्ब कायम लुकलुकता — दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो असा. तेव्हा मी किती भांडायची! आता वाटतं, लुकलुकू दे मेला.

लेकीचा फोन असतो रोज. काल खुशीत होती — तिला बढती मिळाली, नातीचा पुढचा दात पडला, नात फोनवर बोलली तर नुसती हवाच. मग हळूच विचारते, बाबा कसे आहेत? म्हटलं, मजेत आहेत, फळी बसवतायत. खोटं नाही ते. बसवतातच. रोज बसवतात. ती काय, तुमच्या मागची. सकाळी हे बसवतात आणि दुपारी हे झोपले की मी काढून ठेवते. हसू नका हो — म्हणजे हसा, मलाही पहिल्यांदा हसूच आलं होतं. पण झालं काय, पहिल्यांदा फळी लागली तेव्हा मीच कौतुकानं म्हटलं, वा, झालं काम! तर यांनी हत्यारं पिशवीत भरली, हात धुतले आणि म्हणाले, "निघतो बाई, घरी वाट बघत असतील." थट्टेखोर माणूस, मला वाटलं थट्टा करतायत. पुलापलीकडे सापडले, संध्याकाळी. दारोदार विचारत होते, माझं घर कुठलं म्हणून.

तेव्हापासून फळी अर्धवट — शेवटचे स्क्रू राहिले की मी यांना जेवायला उठवते. काम अर्धवट टाकून हा माणूस जायचा नाही — सगळं गेलं, पण तेवढा स्वभाव राहिलाय. लेक म्हणते, आई, बाहेरच्या दाराला वरती कडी लाव, बाबा हल्ली वर बघतच नाहीत. मी फोन ठेवून दिला. गुरं आहेत का कोंडून घालायला? मी आहे ना. स्क्रू फिरवून फिरवून मनगट सुजलंय, कंटाळा येतो, खरंच फार कंटाळा येतो, कधी वाटतं आपणच जावं उठून — पण मी आहे ना. सरका जरा, हे उठायच्या आत काढून —

हे काय? हलत का नाही ही? तुम्ही? मी चहा करत होते तेव्हा? ढिली होती म्हणून? भोकांत लाकूड ठोकलंत, वर लांब स्क्रू... नाही हो, पैशांचं नाही बोलत, कळतंय मला, चांगल्या मनानं केलंत. पण काढा. आधी काढा. मशीन नको, आवाज होईल, हातानं —

उठलात? अहो, एवढ्या लवकर? हे... हे सुतार. सहज आलेत. हो, बघा ना, हलवून बघा. पक्की बसलीय, हो. छान झालंय काम, फारच छान. नाही, झालं कुठे, अजून एक आहे ना करायचं, ते — ते आपलं — पिशवी कशाला भरताय? उद्या येता? उद्या नको हो, आज राहा. चहा तरी घ्या. घरी वाट बघतायत, हो, बघत असतील. बसा ना दोन मिनिटं. चपला... मला नाही ठाऊक कुठे आहेत.

दादा, ती कडी कुठे ठेवलीत? नाही, मला देऊ नका. बाहेरच्या दाराला लावा. वर. अजून वर. माझा हात नाही पोचला तरी चालेल, स्टूल घेईन. लावा. आणि माझ्याकडे बघू नका, दाराकडे बघा.