सरकारनं याद केलंय

तुम्हाला त्या निजामाच्या अधिकाऱ्याचं सांगायचं राहिलंच. निजामाच्या लोकांनी गावात जाळपोळ सुरू केली तेव्हा पेडगावची माणसं परवान्याशिवाय, त्याच्या राज्याची हद्द असलेली पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात आली होती. मी पुण्यातलं कॉलेज सोडून आलो आणि त्यांच्या छावणीत राहून पोरांना शिकवू लागलो. एक दिवस हा अधिकारी त्यांना परत न्यायला आला. नदीच्या अलीकडच्या काठावर बसलेल्या कुणब्यांना तो 'परदेशातले आमचे बांधव' म्हणत होता.

मला धास्ती होती ती काशीबाईंची. त्यांची गाभण म्हैस गावात शेजाऱ्याकडे होती. परत गेलात तर जिवाला धोका आहे, असं मी जीव तोडून सांगत होतो.

"मास्तर, तुमी बोलता लय चांगलं," त्या गाठोडं बांधत म्हणाल्या, "पण म्हशीचं कोनी बघायचं?"

तेवढ्यात अधिकारी सगळ्यांसमोर उभा राहिला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "काही भिऊ नका. सरकारनं तुम्हाला याद केलंय."

काशीबाई खाली बसल्या आणि गाठोडं सोडायला लागल्या.

"बाई, काय झालं?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"मागं आमच्या मालकालाबी सरकारनं याद केलं व्हतं. जमादारासंगं चालत ठान्यात गेले, अन् खाटंवर घालून घरी आनावं लागलं."

अधिकारी गडबडला. "अहो, पण मी प्रेमानं म्हणतोय."

"जमादारबी प्रेमानंच म्हनला व्हता, सायेब."