साहेबांच्या पाठीशी भिंत

नाही, पण डोळ्यांची उंची म्हणजे कुणाच्या डोळ्यांची? मला एवढंच सांगा! लिहिणारीनं मस्त लिहून दिलं, 'पिंजरा डोळ्यांच्या उंचीवर असावा.' लिहायला काय जातं! आमच्या घरात माणसं तीन. आमचे हे वायरमन, शिडी न लावता बल्ब बदलतात, एवढे उंच. मी त्यांच्या शर्टाच्या खिशापाशी संपते. आणि सासूबाई दिवसभर खुर्चीत, त्यांचे डोळे टेबलाच्या जरा वर, बस्स. माझ्या गळ्यात टेप असतेच, कपडे शिवते ना मी घरी, पँटची उंची कमी कर, चेन बदल, शाळेचे गणवेश... तर घेतली मी तिघांची मापं! जमिनीपासून डोळ्यापर्यंत. सासूबाई म्हणतात, "माझं कशाला माप घेतेस गं? मी अजून जिवंत आहे!" आणि हे म्हणतात, "त्यात काय एवढं, मधलं माप काढ." म्हटलं, "अहो, मधल्या मापाचा कपडा तिघांपैकी एकालाही बसत नसतो, हे मला विचारा!"

आणि हे सगळं कुणासाठी? एका पक्ष्यासाठी. केवढा पक्षी? मूठभर! घर दोन खोल्यांचं, पक्षी मूठभर, आणि म्हणे जागा सापडत नाही!

तर हा पक्षी आमच्या लेकीचा. डोक्यावर तुरा, गालावर लाल टिकल्या, आणि चालतो असा की ऑफिसात तपासणीला आलाय. म्हणून नाव ठेवलं साहेब. लेकीला वर्षभरासाठी दुसऱ्या गावी नोकरी लागली, तिथं खोलीत पक्षी चालत नाही, तर दारात पिंजरा ठेवून म्हणते, "आई, बाकी काही नको, मी येईपर्यंत याला जिवंत ठेव." म्हटलं, "तुला एवढी वाढवली, हा मूठभर जीव नाही का सांभाळणार?" बोलून बसले हो!

कारण आठ दिवसांत साहेबांनी स्वतःच्या छातीची पिसं उपटायला सुरुवात केली. स्वतःच्या चोचीनं! मी बघितलं तर शर्टाच्या बटणाएवढी जागा उघडी पडलेली, आतली कातडी गुलाबी. पिंजरा पदराखाली धरला आणि गेले पाखरांच्या डॉक्टरणीकडे. पोरगीच आहे, माझ्या लेकीएवढी. तिनं साहेबांना फडक्यात धरलं, दिव्याखाली फिरवलं आणि म्हणाली, "काकू, आजार नाही. याची जागा चुकलीये."

"जागा चुकलीये म्हणजे?"

"म्हणजे याला तुमच्या घरात सुरक्षित वाटत नाही. घाबरलेला पक्षी पिसं उपटतो, मग खाणं सोडतो, मग..." डॉक्टरांचं ते 'मग' फार वाईट असतं. "जागा बदला," म्हणाली. "पण सारखी सारखी बदलू नका, त्यानं आणखी घाबरेल."

आता बघा! जागा बदला, पण बदलू नका. मग योग्य जागा कळायची कशी? स्वप्नात येऊन सांगणार आहे का कुणी? मी तोंडावर विचारलं तिला. तर हसली आणि चिठ्ठी लिहून दिली.

ती चिठ्ठी घरी येऊन मी वाचायला घेतली. माझी शाळा चार यत्ता, मी मोठ्यानं वाचल्याशिवाय मला कळत नाही. मशीनवर बसले, चष्मा लावला आणि वाचते:

"एक. वाऱ्यावर सोडू नये.
दोन. डोक्यावर चढवून ठेवू नये.
तीन. पायातही येऊ देऊ नये.
चार. कोपऱ्यात टाकून देऊ नये, चार माणसांत असावे.
पाच. पाठीशी भिंत असावी, म्हणजे धीर वाटतो.
सहा. डोळ्यांच्या उंचीवर..."

सहावं पुरं वाचूनच झालं नाही हो! मागून खुर्ची करकरली. सासूबाई! टीव्ही बंद करून म्हणतात, "कुणाकडून लिहून आणलंस हे?"

म्हटलं, "डॉक्टरणीकडून."

"माझ्याबद्दल डॉक्टरणीला विचारायला गेली होतीस? डोक्यावर चढवू नये? मी बसले का तुझ्या डोक्यावर? पायात येते मी? आणि कोपऱ्यात टाकायचं नाही म्हणे... टाकायचा विचार होता वाटतं!"

"अहो आई, पक्ष्याचं आहे ते! पिंजरा फार उंच टांगला की पक्षी माजतो, फार खाली ठेवला की घाबरतो!"

"मला नको सांगू. मीही सून होते."

दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तुम्हाला सांगते, ते दोन दिवस घर इतकं शांत होतं की तेवढ्यावर तरी साहेबांना बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग सुरू झाली शोधाशोध. यांना तर भिंतीला भोक पाडायचं निमित्तच हवं असतं. ड्रिल काढलं, "कुठं पाडू बोल!" पहिलं भोक खिडकीपाशी. उजेड आहे, बाहेरची गंमत दिसते, आणखी काय पाहिजे? तर साहेब आणखीच आक्रसले. मला समजेना. मग मी काय केलं, पिंजरा काढला, स्टुलावर चढले आणि जिथं साहेबांचं डोकं होतं तिथं माझं डोकं नेलं. म्हटलं बघू तरी, याला दिसतं काय! आणि बघते तर समोरच्या छपरावर मांजर! ढिम्म बसलेलं, डोळा न मिटता इकडेच बघतंय. मी बघितलं तरी नजर हटवीना. माझीच छाती धडधडली हो, आणि मी मांजराला घाबरणारी बाई नव्हे. वर फटीतून गार वारा सरळ मानेवर. उतरले. हे खालून म्हणतात, "काय चाललंय?" म्हटलं, "पक्षी झालेय. गप्प बसा."

दुसरं भोक स्वयंपाकघरात. तिथं माझं लक्ष राहील म्हणून. लेकीला फोनवर सांगितलं तर किंचाळली, "आई! तो न चिकटणारा तवा आहे ना, तो जास्त तापला की त्याच्या वाफेनं पक्षी पटकन मरतो!" आता हे मला कुणी सांगायचं? तो तवा तिनंच आणून दिलेला! एका हातानं तवा देते, दुसऱ्या हातानं पक्षी! पिंजरा तसाच उचलला, गॅस नंतर बंद केला.

तिसरं भोक टीव्हीच्या वर. तिथंही मी डोकं नेऊन बघितलं... स्टूल, भिंत, डोकं. तिथून काय दिसतं माहितीये? सासूबाईंचा चेहरा. सरळ समोर. टीव्हीकडे बघताना त्या कशा बघतात ते मी इतक्या वर्षांत पुढून बघितलंच नव्हतं. मालिकेतली सून बोलत असली की अस्सा ओठ मुडपतात! मी साहेबांना म्हटलं, "कळलं रे बाबा, पुढं बोलू नकोस." पिंजरा उतरवला.

चौथं भोक दाराजवळ, जो येतो तो पिंजऱ्याला खांदा मारतो. पाचवं भोक चुकून पडलं, त्याचं मी काही बोलत नाही. भिंतीची चाळण झाली, खोलीभर चुन्याची धूळ, आणि साहेबांच्या छातीवर शर्टाच्या बटणाचं झालं कोटाचं बटण. केवढा पक्षी? मूठभर! त्यातला आता कोटाच्या बटणाएवढा कमी! दाण्याची वाटी सकाळी भरायची ती संध्याकाळी तशीच.

त्या दुपारी मी थकून मशीनवर बसले. एका गणवेशाला हूक लावायचे होते, पण हात चालेना. चिठ्ठी परत काढली. वाचत गेले, हळूहळू, या वेळी मनात.

वाऱ्यावर... नाही, इथं वारा लागत नाही. खिडकी डावीकडं, दोन हात लांब, उजेड येतो, ऊन नाही. मांजर दिसत नाही. स्वयंपाकघर भिंतीपलीकडं. कुणाचा धक्का नाही. दार दिसतं, कोण आलं गेलं कळतं. सासूबाई दिसतात, पण बाजूनं, म्हणजे बेतानं. हे आले की दिसतात. चार माणसांत आहे आणि कुणाच्या पायात नाही. आणि पाठीशी... मी मागं टेकून बघितलं. भिंत. गार, घट्ट भिंत.

बाई गं!

अहो, ही जागा मी शोधली होती! लग्न होऊन आले तेव्हा मशीन आधी बाथरूमच्या दाराशी होतं, मग स्वयंपाकघरात, मग खिडकीत. सरकवत सरकवत, भांडत भांडत, चार वर्षांनी या भिंतीला टेकले. बावीस वर्षं झाली. अख्ख्या घरात माझी म्हणून असलेली एवढीच जागा, साडेतीन फूट रुंद!

खरं सांगू? मी चिठ्ठीची घडी केली आणि मशीनच्या खणात टाकली. रिळांच्या खाली. कुणाला बोलले नाही. का बोलू? हा कालचा आलेला! त्याला पिसं उपटता येतात म्हणून जागा मिळणार? मग मीही उपटते केस! यांनी विचारलं, "सापडली का जागा?" म्हटलं, "शोधतेय."

दोन दिवस शोधतेय म्हटलं. दोन दिवस पायाखाली मशीन चालत होतं आणि डोळा सारखा पिंजऱ्याकडे. तिसऱ्या दिवशी सकाळी साहेब पिंजऱ्याच्या तळाशी बसलेले. दांडीवर नाही, तळाशी. तुरा पडलेला. माझ्याकडे बघितलं. ओरडला असता तर मीही ओरडले असते, पण नुसतं बघितलं हो!

"अहो," मी हाक मारली, "ड्रिल आणा. शेवटचं भोक."

"कुठं?"

"मी बसते तिथं."

हे एकदा माझ्याकडे बघतात, एकदा मशीनकडे. "मग तू कुठं बसशील?"

हा प्रश्न या घरात पहिल्यांदा विचारला गेला, तोही पक्षी आल्यावर. म्हटलं, "माझी चिठ्ठी कुणी लिहून दिलीये का? बसेन कुठंही."

कुठंही म्हणजे कुठं? मशीन पुन्हा बाथरूमच्या दाराशी, जिथून सुरुवात केली तिथं! सगळ्या अटी मोडून बसलेय बघा. पुढून वारा, बाजूनं स्वयंपाकघराचा धूर, जो आंघोळीला जातो तो म्हणतो, "जरा पाय घे." आणि पाठीशी भिंत नाही, बाथरूमचं दार! टेकायला गेलं तर आत पडायचं.

आणि साहेब? तिथं लावल्यावर तासाभरात दांडीवर. दुसऱ्या दिवशी अर्धी वाटी दाणे फस्त. पंधरा दिवसांनी कोटाच्या बटणावर बारीक बारीक पांढरे कोंब. लेकीला फोनवर दाखवलं, ती रडली. मी रडले नाही, मला गणवेश द्यायचे होते.

पण खरी गंमत पुढंच आहे. महिनाभरानं साहेब आवाज काढायला लागले. कसला माहितीये? मशीनचा! खटखटखटखट... आणि शिवण संपताना मी पाय हळू करते ना, तसं, खट... खट... खट. हुबेहूब! एका दुपारी मी बसलेय, हात मांडीवर, मशीन बंद, आणि भिंतीपाशी साहेबांचं जोरात शिवणकाम चालू. आणि आतल्या खोलीतून यांचा आवाज, दुपारी जेवायला घरी येतात ना हे, सावकाश, वर्तमानपत्राआडून...

"अगं, पुरे आता. पाठ भरून येईल. जरा टेक."

मी इकडं तिकडं बघितलं. कुणाला म्हणतात? उठले, आत गेले. "काय म्हणालात?"

"काही नाही. रोजचंच."

"रोजचंच म्हणजे?"

"रोज म्हणतो. तुझं मशीन चालू असतं, तुला कुठं ऐकू येतं!"

विश्वास बसेल का सांगा! मी नाही ठेवला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम मशीन थांबवून बसले, कान देऊन. साहेबांनी सुरू केलं, खटखटखट, आणि आतून... "पुरे गं, जरा टेक." तिसऱ्या दिवशी तेच! म्हणजे बावीस वर्षं हा माणूस म्हणत होता आणि बावीस वर्षं मी शिवत होते!

आता मला नादच लागला. दुपारी काम हातावेगळं करायचं, मशीन बंद करायचं आणि वाट बघायची. पण साहेब पडले साहेब, मनात असलं तर वाजवणार! परवा बसलेत गप्प, पिसं विंचरताहेत. मी वाट बघतेय, ते विंचरताहेत. शेवटी काय करणार... इकडं तिकडं बघितलं, पदर तोंडाशी धरला आणि मीच आपली तोंडानं, हळूच, "खट खट खट खट..."

आवाज आला. पण आतून नाही, खुर्चीतून.

"सूनबाई, त्या मशीनला तेल घाल गं जरा. घशात काहीतरी अडकल्यासारखं वाजतंय!"

घातलं हो तेल. मुकाट्यानं उठले आणि घातलं.