उजव्या फळीवरचे उंदीर

—नाही हो मॅडम, हे उजवे उंदीर अगदी दगड झालेत असं नाही, दचकतात, पण कमी. हा डबा बघा, भोंगा वाजला की आतला उंदीर जेवढा उडेल तेवढा हा काटा हलतो — एवढंच शास्त्र, बाकीचं सरांच्या डोक्यात. सर म्हणतात, आवाज कानातून शिरला की मेंदूच्या वरच्या मजल्यावर जातच नाही, खालच्या खाली दोन-तीन ठिकाणी हात बदलतो आणि थेट पायात उतरतो. विचार करायला उसंतच नाही. माणसाचंही तेच. संचालकांचा फोन वाजल्यावर सर खुर्चीतून कसे उठतात ते बघा एकदा — तिथं काटा लावला तर मोडून पडेल. हे आपलं हसण्यावारी, लिहू नका.

तर डाव्या फळीवरच्यांना नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, उजव्यांना औषध. भीती कमी करणारं औषध. आज तुम्ही तपासून सही केलीत की ते पुढं माणसांना देऊन बघणार, आणि सर म्हणालेत, बाई, मग तुम्हाला कायम करून घेतो. बारा वर्षं रोजंदारीवर पिंजरे धुतेय मी. म्हणून तर सकाळपासून एवढी घासपूस.

उजवे कमी का दचकतात? औषध गुणाचं म्हणून, दुसरं काय. शिवाय मीही आपलं थोडं — मोठं काही नाही हो. औषध टोचल्यावर ते असे मुटकुळं करून कोपऱ्यात बसतात की मला बघवत नाही. डाव्यांना काय धाड भरलीय, टोचून घेतात आणि लगेच खायला धावतात, गुंड मेले. मग उजव्याला डब्यात ठेवलं की मी डब्यावर हलकी टिचकी मारते, आणि लगेच भोंग्याचं बटण. लेकीला लहानपणी सुई द्यायच्या आधी 'आता हं' म्हणायचे ना, तसं. तेवढ्यानं धक्का निम्मा होतो बघा.

डाव्यांना? छे, त्यांना कशाला टिचकी.

सरांना कसं ठाऊक असणार? ते आत येतात कुठं — उंदीर दिसला की टेबलावर चढतात. ते आकडे बघतात, मी उंदीर बघते, वाटणीच आहे तशी.

असं का बघताय मॅडम? औषधाला नावं नाही ठेवली मी. टिचकीशिवाय? आत्ता? करा की, हा घ्या उजव्यातला. बटण तुम्हीच दाबा, मी हात मागे बांधते—

अगं बाई. केवढा उडाला. हा जरा भित्राच आहे, दुसरा घ्या.

हाही.

तिसरा नका घेऊ, मॅडम. लिहा तुमचं काय ते. मला पिंजरे धुवायचेत.