कालिरोईचं मीठ

सन्माननीय अध्यक्ष लेओन्दारिस, व्यासपीठावरील आमचे धर्मगुरू पापा-येरासिमोस, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या तातडी विभागाच्या प्रमुख डॉक्टर एव्हान्थियाबाई, आणि बेटावरच्या माझ्या माणसांनो,

मी घरातली पहिली पदवीधर. आईनं देवमातेला नवस केला होता, पोरगी डॉक्टर झाली की ऑगस्टच्या उपासात मीठसुद्धा सोडीन. मला पत्ताच नव्हता. (पापा, मान नका खाली घालू. तुम्ही तेलापर्यंतच सोडायला सांगता, मीठ नाही, मान्य!) मनाच्या आजारासाठी ती कित्येक वर्षं लिथियमच्या गोळ्या घेत होती. अंगातलं मीठ आटलं, त्यात हे ऊन, की मूत्रपिंडं लिथियम बाहेर टाकेनाशी होतात, आणि ते साचून विष होतं.

देवमातेच्या सणाच्या दुपारी शेजाऱ्यांनी तिला उचलून आमच्या विभागात आणलं. पाय लटपटत होते, हात थरथरत होते, जीभ जड.

"कालिरोईला वाईन चढली!" कुणीतरी हसलं.

एव्हान्थियाबाई तिच्यावर वाकल्या. "कालिरोई, उपासाला काय काय सोडलंस गं?"

"मी…ठ."

आईचा मला नीट कळलेला तो शेवटचा शब्द.

आमच्या शिकाऊ थोदोरिसनं रक्तासाठी हिरव्या बुचाची नळी उचलली. बाई ओरडल्या, "ठेव ती! तिच्या आतच लिथियम असतं, आकडा खोटा येईल. दुसरी घे."

"विष शोषणारा कोळसा पाजू?" त्यानं विचारलं.

"तो लिथियमला धरत नाही, बाळा. सलाईन लाव. आणि डायलिसिसवाल्यांना जेवणावरून उठव!"

डायलिसिसच्या यंत्रानं लिथियमचा आकडा उतरला. मी रडत हसले. बाई म्हणाल्या, "थांब पोरी. पेशींतलं अजून रक्तात यायचंय. पुन्हा तपासू." आकडा पुन्हा चढला, आई पुन्हा यंत्रावर गेली. ती वाचली. हातांची थरथर मात्र गेली नाही, आणि वाचा परतली नाही.

नवस फेडणाऱ्या बाईला देवमाता का शिक्षा करेल? नाही करणार. आपण विचारायला हवं होतं, एवढंच. बाई, तुमचा प्रश्न आता आमच्या दारात राहील. लिथियम घेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही विचारू, मीठ सोडलंय का?

आई तिसऱ्या रांगेत बसली आहे. जन्मभर ती किनाऱ्यावरच्या खडकांच्या खळग्यांतलं मीठ वेचत आली. यंदा तिनं तुमच्यासाठी वेचलंय, थरथरत्या हातांनी. पुरचुंडीची गाठ तिनं कुणालाच बांधू दिली नाही.

आपण सारे आलात, आभारी आहे. गाठ सैल आहे, बाई, वाटेत थोडं सांडेल. ते सांडलेलं आणि माझ्या बोलण्यातलं उणं, दोन्ही पदरात घ्या.