हिरवं लुगडं आणि थ्रू गाडी

...नाही, मी म्हणतो, वेळ वाचते तर वाचते कोणाचा? एवढं तरी सांगा कोणी. तुम्हाले सांगतो, छत्तीस वर्षं मी रेल्वेत पॉइंट्समन होतो, या रायपूरपासून तिकडं गोंदियापर्यंत असं स्टेशन नाही जिथं मी झेंडी घेऊन उभा राहिलो नाही, आणि आता रिटायर झाल्यावर माझंच पोट्टं मले शिकवते, "पापा, देश को स्पीड चाहिए." पराग नाव त्याचं. नव्या हायस्पीड लाइनीचा सर्व्हे करणाऱ्या एका कंपनीत आहे, चौबे कॉलोनीत फ्लॅट आहे, मराठी सगळी समजते पण उत्तर हिंदीत, जसा का मराठी बोलला तर जिभेले टोल लागते. मी म्हटलं, देशाले पाहिजे तर दे ना बापा, पण त्याच्यासाठी माझ्या पॅसेंजर गाडीचा गळा काहून धरतो? तर म्हणे, "टाइम बचता है, पापा." वेळ वाचते म्हणते.

आता मागच्या मंगळवारचंच घ्या. सकाळी सहाले फोन. माझी मोठी बहीण, वनमालाबाई, झोपेतच गेली. अठ्ठ्याहत्तर वर्षाची. गोंदियाच्या अलीकडं मोहटोला म्हणून लहानसं स्टेशन आहे, तिथं दिली होती तिले. भाऊजी हयात, म्हणजे बाई सवाष्ण गेली, आणि आमच्यात सवाष्ण गेली का शेवटचं हिरवं लुगडं माहेरचं लागते, भावानं नेलेलं. ते नेसवल्याबिगर उचलत नाही. आणि माहेरात आता उरलं कोण? आई नाही, बाप नाही... मीच माहेर. मागच्या दिवाळीत तिनं मले बजावून ठेवलं होतं, "रामकृष्णा, नऊवारी आणजो बरं. सहावारी घेऊन आला तर उठून बसीन मी." हसत होती तवा. रायपुरात नऊवारी कुठं मिळते सांगा? नागपूरहून मुद्दाम आणवलं, हिरवंगार, लाल काठाचं, आणि घरी पेटीत ठेवलं, माझ्या जुन्या झेंड्या ठेवल्या आहेत ना, त्याच पेटीत.

तर लुगडं पिशवीत टाकून निघालो, तेवढ्यात पराग आला ब्राह्मणपाऱ्यात आमच्या घरी. म्हणे, "पापा, साडी मुझे दे दो, आप भी मेरे साथ चलो. साढ़े नौ वाली फास्ट से गोंदिया उतरेंगे, वहाँ से टैक्सी करके पीछे आ जाएँगे." आता पहा, बहिणीचं गाव आधी, आणि आपण तिच्या दारासमोरून भुर्रकन पुढं जायचं आणि मंग उलटं फिरून यायचं, काहून तर म्हणे वेळ वाचते. मी म्हटलं, माझी पॅसेंजर पावणेआठची आहे, मोहटोल्याले थांबते, पावणेबाराले उतरवते, तुझ्याआधी पोहोचतो मी. तो म्हणे, "भरोसा है?" मी म्हटलं, टाइमटेबलात लिहिलं आहे. साडी तरी दे म्हणे. ती नाही दिली मी. भावानं न्यायची असते म्हटलं.

आता हसा तुम्ही. दुसरा कोणी टाइमटेबलवर विसंबला असता तर एक वेळ समजलं असतं. मी छत्तीस वर्षं रेल्वेत काढली आणि मी विसंबलो.

दुर्गपर्यंत गाडी सुतासारखी सरळ गेली. राजनांदगाव सोडलं, आणि सव्वानऊले एका लहान स्टेशनात आम्हाले लूप लाइनीवर घेतलं. म्हणजे बाजूच्या लाइनीवर उभं केलं, मागून येणारीले रस्ता द्यायले. मी खाली उतरून विचारलं, कोणाले रस्ता देऊन राहिले भैया? तर तो ड्यूटीवरचा पोट्टा म्हणते, "फास्ट आ रही है चाचा, ऊपर से ऑर्डर है." अरे, फास्ट साडेनऊची आहे, ती रायपूरहून निघालीही नाही आणि इकडं आम्ही उभे? तो म्हणे, "क्लियर रखना पड़ता है." नवरदेव अजून आंघोळीले बसला नाही आणि मांडवातले लोक रस्ता सोडून उभे. बाजूच्या बाकावर एक छत्तीसगढी बाई होती, कोंबड्यांची टोपली घेऊन, ती विचारे, किती वेळ उभी राहीन गाडी म्हणून, "कतका बेर ले ठाढ़े रइही गा?" मी म्हटलं, दीदी, तुझ्या कोंबड्या अंडी देतील तवा हालंन.

सव्वानऊचे दहा वाजले. दहाचे साडेदहा. ऊन हे एवढं, डब्यातले पंखे बंद. परागचा फोन आला, मागून एसीचा गारवा ऐकू येऊन राहिला होता, खरंच सांगतो. "पापा, कहाँ हो? हमने राजनांदगांव छोड़ दिया." मी म्हटलं, मी पुढंच आहे तुझ्या. म्हणजे खोटं नव्हतं ते, पुढंच होतो.

आणि मंग रूळ वाजले. ते मले अर्धा कोस आधी ऐकू येते, कानाले सवय आहे. मी लूप लाइनीच्या बाजूले उभा, पिशवी खांद्यावर, कारण लुगडं सीटवर ठेवून उतरायची हिंमत नव्हती. आता ऐका. थ्रू गाडी, न थांबता जाणारी, आली का बाजूले उभं असलेल्या रेल्वेवाल्यानं हिरवी झेंडी दाखवायची, म्हणजे सगळं ठीक आहे, जा बापा. छत्तीस वर्षं दाखवली. हात आपोआप पिशवीत गेला, आणि बाहेर का आलं? बाईचं लुगडं. नऊ वार उलगडलं वाऱ्यानं, आणि मी उभा, हात लांब करून, ताठ. ड्रायव्हरनंही आतून हात दाखवला हो. नऊ सेकंदांत गेली गाडी, आतमधी माझं पोट्टं, आणि माझ्या तोंडून काय निघालं? ऑल राइट. बहीण तिकडं अंगणात निजवलेली आणि मी म्हणून राहिलो, ऑल राइट.

वाटलं, आता तर सुटली आमची. कुठची सुटते. त्या फास्टसाठी मागं कोळशाच्या मालगाड्या अडवून ठेवल्या होत्या, त्या आता एकामागं एक सोडल्या. फास्टनं कोळसा अडवला, कोळशानं आम्हाले अडवलं, आम्ही कोणाले अडवणार? आमच्या खाली कोणी नाहीच. प्रत्येक स्टेशनात घडी घालत बसलो मी त्या लुगड्याची. नीट घडी होत नव्हती, लाल धूळ बसली होती त्याच्यावर.

साडेचारले उतरलो मोहटोल्याले. पराग प्लॅटफॉर्मवर उभा, केस ओले. तवाच समजलं. त्यानं पिशवी घेतली हातातून. मंग म्हणे, "तीन बजे तक रुके सब लोग, पापा. फिर गर्मी में... फूफाजी ने ही कहा, अब नहीं रुक सकते. साड़ी मैंने गोंदिया से ले ली थी, टैक्सी रुकवा के. आप लेट दिख रहे थे ऐप में. हरी ही ली." मी विचारलं, किती वार? "मतलब?" म्हणे. त्याले कसं समजंन? सांगितलंच नाही कधी मी.

सहावारी नेसून गेली बाई. उठून नाही बसली.

आता तुम्ही म्हणाल, रामकृष्ण फास्ट गाडीवर खार खाते. नाही हो, खोटं कशाले बोलू? माहेरचं एक तरी माणूस वेळेवर पोहोचलं तिच्या पायापाशी, ते त्याच गाडीनं. आमच्या शेजारची पूर्णिमा नागपूरले इलाज करायले जाते, सकाळी जाते, संध्याकाळी आपल्या घरच्या खाटेवर झोपते, आधी दोन दिवस मोडत होते बिचारीचे. चांगलीच आहे गाडी. पोट्ट्यानंही चांगलंच केलं, तेच तर दुखते. मले रागवायले कोणी ठेवलंच नाही. वेळ वाचला हे खरं आहे. फक्त तो मोहटोल्यावाल्याच्या खिशातून काढून गोंदियावाल्याच्या खिशात टाकला, आणि मधे मी उभा राहून झेंडी दाखवली.

लुगडं परत आणलं. भाऊजी म्हणे, तेरवीले एखाद्या सवाष्णीले देऊन टाका. देईन. सध्या पेटीत आहे, झेंड्यांजवळ. धुतलं, पण धूळ पूर्ण गेली नाही.

काल पराग आला, मोबाइल दाखवला. तेरवीचं तिकीट काढलं त्यानं, दोघांचं, फास्टचं, माझी खिडकीची जागा. "इस बार आप मेरे साथ चलोगे, पापा. पूरे चार घंटे बचेंगे." मी म्हटलं, हव. भांडायचं कशाले? बसतो बापा खिडकीपाशी, आणि लूप लाइनीवर कोणी उभं दिसलं तर हात दाखवतो. वेळ वाचते म्हणते. वाचू द्या. ज्या दिवशी लागत होता त्या दिवशी नाही वाचला, आता तेरवीले चार तास आधी जाऊन मी का बुंदी पाडू?